देवापुढचा सिरीज बल्ब

आईच्या ओव्या रेडिओवर लागणार होत्या, त्याच्या आठवडाभर आधी मी आमचा उत्तम चालणारा रेडिओ सुधारायला घेतला.

हे याहून सरळ शब्दांत मला सांगता येत नाही. बिघडलेला रेडिओ दुरुस्त करणारी माणसं गावोगाव असतात, त्यांचं कौतुक कुणी करत नाही. चांगला चालणारा रेडिओ दुरुस्त करणारा आमच्या पंचक्रोशीत मी एकटाच निघालो.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. आमचं गाव कोल्हारच्या अलीकडं, नगर–मनमाड रस्त्यापासून जरा आत, प्रवरेच्या बाजूला. जुन्या घराच्या जागी पुतण्यानं स्लॅबचं घर बांधलंय, चांगलं हवेशीर आहे. कपाटावरून काहीतरी काढताना पुतण्याच्या बायकोनं लाकडाची एक पाटी खाली दिली. हातभर लांबीची, काळपट, तिच्यावर पितळी होल्डर आणि शेजारी दोन भोकांची पिन खोचायची जागा. "काका, हे काय आहे? टाकून देऊ का?" मी पाटी नाकाशी नेली. आता तिला वास तो काय राहिला असणार! पण मला आला. राळेचा, वितळलेल्या शिशाचा, आणि तापलेल्या धुळीचा. वाफाळत्या चहाचा कप पुढं ठेवून ती पोरगी उत्तराची वाट बघत उभी, आणि मी पाटी हुंगत बसलेला. तिनं मनात काय म्हटलं असेल ते मला साधारण माहीत आहे.

तो तापलेल्या धुळीचा वास म्हणजे आमच्या माजघरातली सकाळ. रेडिओ फळीवर असायचा. लाकडी पेटी, पुढं सोनेरी कापड, आणि ताईनं सासरी जाण्याआधी विणलेला क्रोशाचा रुमाल वर. वॉल्व्हचा रेडिओ तो. बटण फिरवलं की लगेच बोलायचा नाही. आधी आतून नारिंगी उजेड यायचा, मग उन्हात टाकलेल्या घोंगडीला येतो तसला वास, मग कुठून तरी लांबून, नदीपलीकडून आल्यासारखी घरघर, आणि मग माणसाचा आवाज. तोवर सगळ्यांनी थांबायचं. थांबण्यात कुणाला काही वाटायचं नाही. वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, तेवढ्या वेळात तंबाखू मळून घेत. आई शेजारच्या कोनाड्यातल्या देवांवरची शिळी फुलं उचलून घेई. भक्तिगीतं, बाजारभाव, बातम्या, पुन्हा भक्तिगीतं. थंडीच्या दिवसांत पाटाला पाणी सुटलेलं असायचं, ऊस भिजवायला रात्री गेलेले नाना सकाळी चिखलाच्या पायांनीच रेडिओपुढं बसत, आणि साखर कारखान्याच्या मळीचा गोडसर आंबूस वास वाऱ्यावर घरात शिरे. बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजाला माझ्या डोक्यात अजून तो मळीचा वास आहे. त्या बाईंचा यात काही दोष नाही.

मधे दुष्काळ पडला. पाटाला पाणी येईना, ऊस वाळला, रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी आली. मिलोच्या भाकरीला ना चव ना चिकटाई, तव्यावर टाकताना फाटायची. आई तिला "शिकल्याली भाकरी" म्हणायची. का, ते मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा नगरला कॉलेजात होतो.

दुष्काळ सरला त्या साली पुण्याहून रेडिओची माणसं जीपमधून आली. गावोगावी फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टेपवर घेत होती. गावात विजेची गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती. जातं दाराआड गेलं होतं, हळदीला आणि डाळीला तेवढं बाहेर निघे. त्या दिवशी ते ओसरीवर आणलं, आई आणि शेजारची सगुणामावशी समोरासमोर बसल्या, आणि खुंटा धरून गायल्या. मी नव्हतो. मी नगरला परीक्षेला बसलो होतो. बसलो होतो एवढंच, लिहिलं फारसं नाही.

सुट्टीला घरी आलो तर सगुणामावशी अंगणातच भेटली. हसत होती.

"तुला घातलाय ओवीत तुज्या आयनं."

"मला? काय म्हटलंय?"

"आता माज्या तोंडून काय ऐकतो! रेडिओवर ऐक की. समद्या मुलखाला कळंल आमचा पोरगा कसा हाय त्ये."

आईला विचारलं, तर ती तांदूळ निवडत म्हणाली, "मला न्हाई बाबा आठवत. दळताना तोंडाला यील त्ये गायचं आसतंय. ध्यानात कोन ठेवतंय?"

आता तुम्हीच सांगा. लहानपणापासून जात्याच्या घरघरीत आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपलेला. ओवीतला लेक कसा असतो ते मला पाठ. तो चांदोबा असतो, तो मोत्याचा तुरा असतो, तो वाड्यात आला की दिवे लावावे लागत नाहीत. मला त्याहून कमी काही म्हटलं असेल अशी शंकाही मला शिवली नाही. कार्यक्रम कधी लागणार ते पुण्याहून कळलं होतं. सोमवारी, दिवेलागणीच्या वेळच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात. आणि आमचा रेडिओ? माजघरातल्या माजघरात ऐकू येणारा. माझं कौतुक आणि ते फक्त माजघरात! गल्लीनं ऐकायला नको? मारुतीच्या पारावरच्या म्हाताऱ्यांनी ऐकायला नको?

मी तेव्हा पोस्टानं येणारा रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करत होतो. दर महिन्याला एक पातळ पुस्तिका यायची. माझ्या चार झाल्या होत्या. पाचवीत काय होतं ते मला पुढं कळलं, पण तोवर उशीर झाला होता.

बेत साधा होता. आतमध्ये आणखी एक मोठा वॉल्व्ह बसवायचा, नगरहून आणलेला परातीएवढा स्पीकर खिडकीत लावायचा, आणि आवाज तिप्पट करायचा. नाना ओसरीवर बसून माझ्या हातातला पेचकस बघत होते.

"चालतोय न्हवं त्यो?"

"चालतोय."

"मग?"

"अजून मोठ्यानं चालंल."

"मी काय भैरा हाय व्हय?" असं म्हणून नाना उठले आणि मळ्यात गेले. पुढचे काही दिवस ते माझ्याशी या विषयावर बोलले नाहीत. इतर विषयांवरही फारसं बोलले नाहीत.

रेडिओ उघडला तेव्हाचा तो वास काय सांगू! मेणाचा, जुन्या लाकडाचा, एका वाळून कडक झालेल्या पालीचाही. तांब्याच्या तारा, रंगीत पट्ट्यांचे ते चिमुकले मणी, काचेच्या वॉल्व्हमधली जाळी. मला वाटलं, असं सुंदर काही आपण याआधी बघितलंच नाही. तारा शिशानं जोडायला, म्हणजे डाग द्यायला, माझ्याकडं विजेचं हत्यार नव्हतं. तांब्याच्या टोकाचा खड्या चुलीत तापवायचा, पळत माजघरात यायचं, डाग द्यायचा, पुन्हा पळायचं. आई तव्यावर भाकरी टाकत होती. "आरं, म्या भाकरी भाजू का तुजं हत्यार भाजू?" पण जागा दिली तिनं. निखाऱ्यांची एक बाजू माझी, एक भाकरीची. दुपारभर राळेच्या धुराचा तो जंगलातल्यासारखा वास घरात भरून राहिला, आणि त्या दिवशीच्या भाकरीलाही थोडा आला. नव्या ज्वारीची भाकरी होती. कुणी तक्रार केली नाही.

संध्याकाळी पिन खोचली. फट्! घरातले सगळे दिवे गेले.

फ्यूज बदलला. फट्! तार दुहेरी घातली. फट्! मग मी त्या काळच्या सगळ्या हुशार माणसांनी केलेली गोष्ट केली. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घातली. या वेळी फट् झालं नाही. रेडिओतून धूर आला. सगुणामावशीनं भिंतीपलीकडून विचारलं, "काय गं, तुमी आज धूप जाळलाय का?"

तेव्हा कुठं मी पुस्तिका उघडून पुढची पानं वाचली. तिथं सिरीज बल्बची कृती दिली होती. एका पाटीवर बल्बचं होल्डर बसवायचं आणि वीज थेट रेडिओला न देता त्या बल्बातून द्यायची. आधी बल्ब, मग रेडिओ, एकाच माळेत. रेडिओत कुठं तार तारेला भिडली असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि फ्यूज वाचतो. आत सगळं नीट असेल तर बल्ब नुसता मिणमिणतो. मी पाटी केली. तीच ही पाटी. साठचा बल्ब लावला आणि पिन खोचली. बल्ब भक्कन पेटला. मग पुन्हा चुलीशी पळापळ. माझ्याच एका डागाचं शिसं ओघळून शेजारच्या खिळ्याला भिडलं होतं. ते खरवडलं. पुन्हा पिन खोचली, आणि बल्ब हळूहळू मंद झाला. पिवळसर, सायीसारखा उजेड. रेडिओत नारिंगी डोळे उघडले.

मी जग जिंकलं होतं. आणि आई दारात उभी राहून बल्बकडं बघत होती.

"कसा ग्वाड दिवा हाय रं. डोळ्याला लागत न्हाई."

त्या दिवसांत तेलाची मारामार. रेशनला रांग, आणि रांगेच्या शेवटी डबा रिकामाच. देवापुढची निरांजनं आईनं घासून पालथी घालून ठेवली होती. ती मला म्हणाली, "ह्यो हितं देवापाशी लावता यील का? रेडिओ लावला की देवाम्होरं उजेड हुईल. सकाळ-संध्याकाळ दोनी येळंला."

पोरानं केलेली वस्तू आईनं देवापुढं मागितली! मी हातोडी घेतली आणि कोनाड्याच्या कडेला पाटी खिळ्यांनी ठोकून पक्की केली. वर तिला एक झेंडूचं फूलही खोचलं. त्या दिवसापासून तिचं घरातलं नाव बदललं. सिरीज बल्ब म्हणायला कुणाला येत नव्हतं, मलाही लाज वाटायला लागली होती. सगळे म्हणायला लागले, देवाचा दिवा.

आणि नाव बदललं तसा तो बल्ब मला दिसायचाच बंद झाला.

कारण रेडिओ लागला होता खरा, पण बोलत नव्हता. कुजबुजत होता. परातीएवढ्या स्पीकरमधून रजईत तोंड खुपसून बोलणाऱ्या माणसासारखा आवाज यायचा. बातम्या देणाऱ्या बाई आजारी असाव्यात असं आईला वाटलं. मी वॉल्व्ह बदलून बघितले. नगरला जाऊन माळीवाड्याच्या स्टँडवरून पायी बाजारात गेलो, नवा कंडेन्सर आणला आणि बसवला. आवाज तोच. मीटरपाशी जाऊन तारा हलवून बघितल्या. आवाज तोच. खांबापाशी जाऊन वर बघत उभा राहिलो. त्यानं काही होत नाही, पण बघणाऱ्यांवर छाप पडते. शेवटी हात पाठीमागं बांधून मी निदान केलं, "व्होल्टेज कमी आहे."

हा शब्द गावाला फार आवडला. दोन दिवसांत तो सगळीकडं झाला. सगुणामावशीची कोंबडी अंडी देईना, तर ती म्हणाली, "तिचं व्होल्टेज उतारलंय." पारावरच्या एका म्हाताऱ्यानं जावयाबद्दलही तेच सांगितलं.

एक मात्र खरं, गावात संध्याकाळी दिवे मंद व्हायचेच. गिरणी सुरू झाली की घराघरातला उजेड कमरेत वाकायचा. तेव्हा माझा संशय सरळ गिरणीवर गेला. गिरणी बबनरावांची. उंच, पिठानं भुवयांसकट पांढरा झालेला माणूस. पट्ट्याची फटक् फटक्, गरम पिठाचा वास, आणि त्या आवाजावर ओरडून बोलायची त्यांची सवय. गिरणी बंद असली तरी ते ओरडूनच बोलत.

"सोमवारी दिवेलागणीला गिरणी बंद ठेवाल का?" मी विचारलं.

"का रं? कोन मेलं?"

"नाही, रेडिओला व्होल्टेज पुरत नाही."

"तुज्या रेडिओपायी गावाच्या भाकऱ्या बंद करू व्हय? बाया मला जात्यात घालून दळतील!"

"आईच्या ओव्या लागणार आहेत."

बबनरावांनी पिठाची एक चिमूट बोटांत चोळून बघितली. मग म्हणाले, आणि तेही ओरडून नाही, "माजी आय आन् तुजी आय एका जात्यावं दळायच्या. माजी आय गेली, तिचं काय टेप-बीप न्हाई." हातावरचं पीठ झटकलं. "ठेवतो बंद. पन त्ये तुज्या आयसाठी, बरं का! तुज्या रेडिओसाठी न्हाई."

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मी माझ्या कौतुकाच्या नादात होतो. आता ध्यानात आलं की ओव्या एकदाच लागणार. पुण्याची माणसं त्या पुन्हा लावतील याचा काय भरवसा? आईनं उभ्या जन्मात स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला नव्हता, आणि ती ऐकणार तो माझ्या या कुजबुजणाऱ्या पेटीतून. जुन्या स्थितीत ठेवला असता तर माजघरात तरी छान ऐकू आला असता. मी शनिवारी तो पुन्हा जुन्यासारखा करायचा प्रयत्नही केला. दोन मणी उरले आणि एक तार कमी पडली. तेव्हा पुन्हा नव्यासारखा केला.

सोमवार उजाडला आणि मावळायला आला. अंगणात सडा टाकला होता, ओल्या मातीचा आणि शेणाचा वास. गल्लीतली सगळी माणसं जमली. बाया ओसरीवर, पुरुष अंगणात, पोरं भिंतीवर. खिडकीत परातीएवढा स्पीकर. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, जणू रेडिओतून लोक तिला बघणार होते. नाना खांबाला टेकून, कुणाकडं न बघता. बबनराव आले, आणि त्यांच्यामागं गिरणीचा आवाज थांबला. त्या वेळी गावात गिरणी बंद म्हणजे काय, ते कसं सांगू? चिमण्या ऐकू आल्या. लांब पाटाचं पाणी ऐकू आलं.

मी बटण फिरवलं. नारिंगी उजेड, घोंगडीचा वास, घरघर. आणि मग... कुजबूज.

"मोठा कर की," कुणीतरी म्हणालं.

"मोठाच आहे," मी म्हणालो.

बबनराव अंगणातून ओरडले, "गिरनी तर बंद हाय! आता काय नदी बंद करू?"

हशा झाला. कार्यक्रम सुरू झाला होता. आधी कुठलंसं ढोलकीचं गाणं लागलं होतं, रजईतून ढब्-ढब् येत होती. मी रेडिओच्या मागं वाकलो, पुढं वाकलो, काय करावं सुचेना. तेवढ्यात आई कोनाड्याकडं बोट दाखवून सगुणामावशीला म्हणाली, "बघ गं, देवाचा दिवा कसा डोलतोय. गान्याच्या ठेक्यावं."

मी बघितलं. खरंच डोलत होता. ढोलकीचा ठोका पडला की दिवा उजळायचा, ठोका सरला की मंद व्हायचा. आणि दिवा उजळला की त्याच क्षणी खिडकीतला आवाज दबायचा. ठोका, उजेड, कुजबूज. ठोका, उजेड, कुजबूज. मी आ वासून उभा राहिलो. सगळी वीज आधी देवापाशी जात होती, आणि देवाचं पोट भरून उरेल तेवढी रेडिओला मिळत होती. वॉल्व्ह, कंडेन्सर, मीटर, खांब, बबनराव, सगळ्यांवर मी संशय घेतला. पण देवाच्या दिव्यावर कोण घेणार? आणि तो दिवा तर मीच, माझ्याच हातानं, खिळे ठोकून, वर फूल खोचून तिथं बसवलेला.

मी कोनाड्याकडं धावलो आणि बल्ब फिरवून काढला. रेडिओ मेला. एकदम, साफ.

ओसरीवर बायकांचा हात गालाला. आई म्हणाली, "बघ! तिन्हीसांजेचा देवाचा दिवा काढला, आन् रेडिओच बंद पडला!" भिंतीवरच्या पोरांसकट सगळ्यांना ते पटलं. ते सगळे बरोबरच होते, फक्त कारण वेगळं होतं, वीज त्या बल्बातूनच पुढं रेडिओला जात होती. आता सिरीज म्हणजे काय ते मी तिथं उभा राहून गावाला समजावणार होतो का? मी म्हणालो, "आई, दिवा काढून रेडिओ सरळ लावतो."

"दिवा काढायचा न्हाई. लाव तिथं."

"अगं, पण त्याच्यामुळंच..."

"देवाला अंधारात ठिवून मला माजा आवाज ऐकायचा न्हाई."

आणि तिचं खरं होतं. म्हणजे तिच्या बाजूनं. नानांनी खांबाचा टेकू सोडला आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. आता हा काय करतो, असं. रेडिओ मुका. तिकडं पुण्यात ढोलकीचं गाणं संपत आलं असणार.

आणि मग, आयुष्यात क्वचित येतं तसं, मला पुस्तिकेतलं एक वाक्य आठवलं. बल्ब जितका मोठा, तितका तो रेडिओची वीज कमी अडवतो. साठच्या बल्बच्या जागी दोनशेचा लावला तर दिवाही राहील आणि रेडिओही बोलेल. मी अंगणात ओरडलो, "बबनराव! गिरणीतला मोठा बल्ब!"

बबनराव का, कशाला विचारत बसले नाहीत. तो उंच पांढरा माणूस लुंगी वर खोचून गल्लीतून पळाला. तसं पळताना त्यांना मी नंतर कधी बघितलं नाही. आले तेव्हा हातात पिठानं माखलेला, पेरूएवढा बल्ब. गरमच होता, पदराचा बोळा करून आईनंच तो माझ्या हातात दिला. मी होल्डरात बसवला. त्याच्या काचेवरून पीठ कोनाड्यात झडलं, विठोबाच्या डोक्यावर, बाळकृष्णाच्या खांद्यावर. बल्ब क्षणभर झगमगला आणि मग खाली येत येत नुसता निखाऱ्यासारखा लाल राहिला. समईची वात असते तसा.

आई वाकून बघत म्हणाली, "आता बरा दिसतोय. खरा दिवाच हाय."

पण वॉल्व्ह थंड झाले होते. ते तापेपर्यंत थांबायचं होतं. कुणी खोकलं नाही. गरम पिठाचा वास, सड्याचा वास, पदरांना चिकटलेला चुलीच्या धुराचा वास. बबनरावांचा धापा टाकायचा आवाज. मला वाटतं, माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब गोष्ट म्हणजे ते थांबणं, आणि आज मला कुणी म्हटलं की यातलं एक काहीतरी परत देतो, तर मी तेच मागून घेईन.

मग घरघर आली. नदीपलीकडून यावी तशी. आणि एकदम, अख्ख्या अंगणावर, भिंतीवर, पारापर्यंत, जात्याचा आवाज. आणि त्या आवाजावर बाईचा गळा.

*लाल जोंधळ्याचं गं, पीठ लागतं बोटाला
भाऊ माझा उभा, दूर पाटाच्या काठाला*

"ही कोन गं बया गातीय?" आई म्हणाली.

"आगं, तूच की!" सगुणामावशीनं तिला ढोसलं.

आईनं पदर तोंडाला लावला. डोळे तेवढे वर राहिले. तिचा मोकळा हात मांडीवर हळूहळू गोल फिरत होता, खुंटा धरल्यासारखा, आणि तिला ते कळत नव्हतं. नाना खांबाला टेकायचे विसरले होते. बबनराव जमिनीकडं बघत उभे, आणि त्यांच्या पांढऱ्या गालावरून एक ओली रेघ खाली गेली. ती घामाची असेल. पळाले होते ना.

जातं फिरत राहिलं. भावाची एक ओवी झाली, माहेरच्या वाटेची झाली, आणि मग आईचा आवाज किंचित खट्याळ झाला. मला कळलं, आता माझी. मी सगळ्यांना दिसेन असा पुढं सरकलो. खिडकीतल्या स्पीकरनं, मी बसवलेल्या त्या मोठ्या वॉल्व्हच्या पूर्ण ताकदीनं, गावाला ऐकवलं:

*लेक माझा शाना बाई, खोलून बघी सारं काई
खोललेलं जोडायाची, विद्या त्याला ठावं न्हाई*

सगळ्यात आधी नाना हसले. मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. खांबाला धरून. मग अंगण, मग ओसरी, मग भिंत. पारावरच्या म्हाताऱ्यांना इतकं स्वच्छ ऐकू आलं होतं की त्यांचं हसू गल्लीच्या टोकावरून थोडं उशिरा पोचलं. पुढची ओवी त्या हशात बुडाली. मग रेडिओवर बियाण्यांची माहिती सुरू झाली, आणि ती मात्र गावानं अगदी गंभीरपणे ऐकली.

त्या ओव्यांची टेप आता कुठं असेल, असेल की नाही, मला माहीत नाही. विचारायला कुणाकडं गेलोही नाही. मला त्या अशाच बऱ्या वाटतात, गिरणी बंद असलेल्या त्या एका संध्याकाळपुरत्या. मी पुढं सगळं आयुष्य दुसऱ्याच कामात काढलं, रेडिओचा कोर्स पुरा झाला नाही. पाचवी पुस्तिका तेवढी आली, तीत लिहिलं होतं, तपासणी झाली की सिरीज बल्ब काढून ठेवावा. पाटी मी टाकू दिली नाही. पुतण्याच्या बायकोला म्हटलं, राहू दे, मी नेतो. पिशवीत घातली, आणि येताना एस्टीत ती मांडीवर घेऊन बसलो. खिडकीबाहेर ऊस होता, हिरवागार, आणि कारखान्याकडून तोच वास येत होता.

त्या संध्याकाळी सगळी माणसं पांगली. बबनराव गेले आणि गिरणीचा पट्टा पुन्हा फटक् फटक् करायला लागला, देवाचा लाल दिवा जरासा वाकला. आई चुलीपाशी गेली होती. मी तिच्यामागं जाऊन उंबऱ्यावर बसलो. एवढी धडपड केलेली, एवढं हसू झालेलं, तरी माणसाला एक शब्द हवा असतो. मी विचारलं, "आई, कसा वाटला आवाज?"

तिनं परातीतलं पीठ मळत जरा विचार केला.

"माजा झ्याक हुता," ती म्हणाली. "तुज्या डब्याचाच घसा बसलाय."